सोडण्याआधी

ह्या झाडाला दोर बांधायचा नाही, म्हणतो मेरिग.
वर अजून मूठभर पालवी आहे,
पण आतून काच झालीय ॲशची.
तैवीच्या खोऱ्यात कितीतरी झाडं अशीच उभी,
शेंड्याकडून मरत येणारी,
शाळेच्या भिंतीवर, रस्त्यावर,
कुणाच्या मेंढ्यांवर कललेली.

म्हणून माझा मुख्य दोर शेजारच्या ओकवर.
कापायचं एक झाड, लटकायचं दुसऱ्यावर.
ओकला ह्यातलं काही सांगितलेलं नाही.

कमरेचा आखूड पट्टा मात्र, आत पोलादी तार असलेला,
ॲशच्याच खोडाभोवती.
खोड मोडलंच तर ते मला सोबत ओढेल,
हे मेरिगला माहीत आहे, मलाही.
म्हणून लहान तुकडे. शेंड्यापासून. घाई नाही.
चेनसॉला फांदी आणि मांडी
सारखीच लागते.

"सॉल ईन?"
खालून हाक येते. म्हणजे, किती?
"दाय," मी ओरडते. दोन.
दोन असल्याशिवाय साखळी फिरवायची नाही.
दिवसातून चाळीस वेळा विचारतो,
चाळीस वेळा मी वाकून माझ्याच कमरेकडे पाहते,
आकड्याची खिट्टी अंगठ्याने दाबून बघते,
आणि मगच उत्तर देते.
नुसतं आठवून दिलेलं उत्तर
त्याला आवाजावरून कळतं.

तो स्वतः पडला, तो उंचावरून नाही.
अठ्ठावीस मीटरच्या पॉपलरवर वारा सुटला होता, तेव्हाही नाही.
चार मीटर. काम संपलेलं.
मुख्य दोर काढून खाली टाकून झाला होता,
एका खुंटापलीकडे पाय टाकायचा राहिला होता,
पट्टा अडत होता, म्हणून सोडला.
खाली किटली उकळली होती
आणि बावीस वर्षांत काही झालं नव्हतं.
"वर खुंटाला करवत डुलत होती," तो सांगतो,
"तिला मी नीट बांधलं होतं."
पुढचं तो सांगत नाही,
डावा पाय सांगतो, चढावर.

जीव टांगणीला लावून मी घरभाडं भरते.
आई विचारते, हेलेद, दोर तुटला तर?
दोर तुटत नाही, आई.
माणूस सोडतो.

तिसऱ्या प्रहरी बेचका बदलायचा होता.
नवा दोर, वरच्या फांदीवर, नवी गाठ.
आता खरी गंमत:
जुनं लावलेलं असतानाच नव्यावर बसायचं,
ढुंगण टेकवून, पूर्ण, लाज न बाळगता,
गाठ करकरेपर्यंत.
अर्धवट बसलं तर काहीच कळत नाही.
ओकची फांदी दोन बोटं खाली आली,
थांबली.
मी श्वास घेतला. मोजलं. तीन.
तीन असण्याचे ते काही क्षण
मी जरा जास्तच लांबवते,
श्रीमंतासारखी.
मग जुनं सोडलं.

"सॉल ईन?"
"दाय!"

सहाला शेवटचा बुंधा पडला,
भुसा माझ्या कानात, चहात, गाडीच्या सीटवर.
आत लाकूड तपकिरी होतं, ओल्या बिस्किटासारखं.
मेरिगने त्यात बोट खुपसलं
आणि बोट पँटला पुसलं.

मी आकडे काढले. एक. मग दुसरा.
त्याने सवयीने विचारलं, किती?
"दिम," म्हणाले. काही नाही.
पाय गवतात होते.
आणि गुडघे, दिवसभर मुकाट राहिलेले,
तेव्हा कुठे थरथरायला लागले.

तो बोलला नाही.
टेलबोर्डवर बसून दोर बोटांतून फिरवत होता,
वीत, पुन्हा वीत, डोळे रस्त्याकडे.
एका जागी थांबला,
नख लावून पाहिलं,
पुढे गेला.
मग परत त्याच जागी आला.