काटा मध्यावर

सगुण पायलटाने गाडी ढकलत आणली
रायबंदरच्या धक्क्यापासून गॅरेजपर्यंत, भर दुपारी.
म्हणाला, रोहिदास, इंजिन बदल.
मी म्हटलं, बोअर करू, पिस्टन नवा घालू,
अडुसष्टची बुलेट आहे बाबा,
हिचं इंजिन काढायचं म्हणजे
तो म्हणाला, इंजिनाला काही झालेलं नाही.
गुडघ्याला झालंय.

आणि पँट वर करून दाखवला. उजवा.
तेल चोळून चोळून चकचकीत,
खाली नडगीवर उलट्या किकची खूण,
कुठल्या सालची ते त्यालाही आठवेना.

चाळीस वर्षं चोडणच्या फेरीतून उतरलेली माणसं
त्याने पिवळ्या मडगार्डाच्या गाडीवर मागे बसवली.
तारल्यांची पाटी सांभाळणारी बाई,
पगाराच्या संध्याकाळी डावीकडे झुकणारा क्लार्क,
एकदा माशेलच्या नाटकाला उशीर झालेला पेटीवाला,
पेटी मांडीवर,
आणि दर खड्ड्याला भाता आतल्या आत उसासे टाकतोय.
दर भाड्याला एक किक.
हिशेब मी मांडला नाही,
गुडघ्याने मांडून ठेवला होता.

माझ्या पाटीवर लिहिलंय:
जुन्या गाड्या मूळ रूपात करून मिळतील.
त्या पाटीखालीच मी ग्राइंडर लावला.

इनासने आणि मी जुनं इंजिन उतरवलं,
गोणपाटावर ठेवलं. इंजिन एकीकडे, गिअरबॉक्स एकीकडे,
वाटणी झालेल्या भावांसारखे,
मधली चेन तेवढी बोलणं ठेवून.
नवं आणलं म्हापशाच्या भंगारातून,
कुणाच्या तरी अपघातातलं, पण आत सगळं धड.
सगळा संसार एकाच पोटात. बटण दाबलं की सुरू.
किक नाहीच.

बसेना.
दोन बोटं रुंद, मागचं भोक खाली.
जुन्या कॅलेंडरच्या पुठ्ठ्यावर साचा कापला,
मग जाड पत्र्यावर, मग पुन्हा पुठ्ठ्यावर.
फ्रेमला पहिला काप दिला तेव्हा
खारा वारा इतकी वर्षं खाऊनही
आत लोखंड पांढरं निघालं, कोरं.
ठिणग्या इनासच्या चपलेवर.
त्या दिवशी मी जेवायला घरी गेलो नाही.

आरटीओत बाईंनी विचारलं,
चेसिस एका सालची, इंजिन दुसऱ्या.
गाडी कितीची म्हणायची?
सगुण म्हणाला, मी एक्कावन्नचा.
दात गेल्या वर्षीचे.
बाई हसल्या नाहीत. शिक्का मात्र मारला.

जुनं इंजिन अजून माझ्या कोपऱ्यात आहे.
रात्रभरात एक थेंब तेल टाकतं,
इनास खाली डबी ठेवतो.
पुण्याहून एकजण फोन करतो, दर वेळी आकडा वाढवून.
विकू नको असं सगुण म्हणाला नव्हता.
मीच म्हणतोय.

गाडी न्यायला आला तेव्हा शर्टाला इस्त्री होती.
मी सांगितलं, गिअर आता डाव्या पायात, ब्रेक उजव्या.
तीनदा सांगितलं. हो हो म्हणाला.
बसला. चावी फिरवली.
आणि थांबला,
मान खाली, अँमीटरकडे.
काटा मध्यावर आला की मगच किक,
नाहीतर नडगी फुटते, हे त्याला कुणी शिकवलं असेल
तो माणूसही आता नसेल.
अँमीटर मी शोभेला ठेवलाय. वायर जोडलेली नाही.
त्याचा काटा आता कायम मध्यावरच असतो.
मी बोललो नाही.
त्याने नीट पाहून घेतलं, मान हलवली,
उजवा पाय हवेत थोडा उचलला,
आणि अंगठ्याने बटण दाबलं.

गेला.
आवाज वेगळा, नितळ, मला परका.
फेरीच्या उतारापाशी, बेकरीच्या वळणावर,
गाडी एकदम जागच्या जागी उभी राहिली.
मागचा पोदेर सायकलवरून ओरडला, टोपलीतले पाव सांभाळत.
इतक्या लांबूनही मला कळलं,
सगुणने दुसरा गिअर टाकला.