सतरा नंबरची डबी

कोंबडीला दात नसतात.
म्हणून बाई सुई घेऊन शेडात शिरल्या
तेव्हा मी विचारलंच,
काहून वो बाई, हिरड्यांची लस हिले कायले?

वडशापासून अकरा किलोमीटर आत आमचं गाव.
शेडात साठ कोंबड्या, पायांत आकड्यांच्या कड्या,
आणि त्यांचं दाणापाणी पाहणारी मी,
हिरकन्या केवळराम नैताम.

दिवाळीआधी शाळेच्या व्हरांड्यात तोंडं तपासली.
केवळरामच्या हिरडीला कापूस लावला, लाल निघाला.
बाईंनी नाक दाबलं नाही.
मी दाबते,
रात्री, पदराने, त्याला दिसू नये अशी.

हिवाळाभर तो नाटकाच्या विंगेत बसतो,
हातात वही, डोक्याला मफलर.
राजाचं, सासूचं, शिपायाचं, सगळ्यांचं बोलणं त्याला पाठ,
स्वतःचं एक वाक्य नाही.
अडलेला नट कान त्याच्या तोंडाशी आणतो.
गेल्या साली नायिकेने आणलेला कान मागे घेतला
आणि उभी राहिली, वाक्याविना.
लोक तिला हसले.
त्याला कळलं, कशामुळं.
त्या दिवसापासून खर्रा वाढला,
वासावर वास.

बाई सांगत होत्या:
तुमच्या गावच्या तोंडातलेच जंतू,
मारून, सुईत भरून हिला दिले.
ही त्यांची ओळख धरते
आणि पिल्लासाठी बलकात ठेवते.
तो बलक वाळवून गोळी करायची, चघळायची.

म्हणजे पिल्लाच्या वाटचं,
मी म्हटलं.
बाई काही बोलल्या नाहीत, सुई डब्यात ठेवली.

मग मीच विचारलं, मरतात का जंतू त्यानं?
मरत नाहीत, म्हणाल्या, नुसते धरले जातात,
दाताला चिकटत नाहीत.
मला कळलं.
कुसळाला मेण लावलं
तर लुगड्याला कसं चिकटंल?
हललेला दात बसणार नाही, हेही त्यांनी सांगितलं,
आणि खर्रा सुटला नाही तर कोंबडीनं तरी काय करावं.

डब्या आल्या, प्रत्येकीवर नंबर.
अर्ध्यांत बलक, अर्ध्यांत नुसतं पीठ,
कोणाला कोणती, बाईंनाही ठाऊक नाही.
यादी नागपुरात कुलुपात.
मास्तरले बी उत्तर माहीत नाही,
असा कसा हा पेपर?

केवळरामची सतरा.
तो झोपल्यावर मी एक गोळी फोडून हुंगली.
साठ कोंबड्या सांभाळते मी,
मला अंड्याचा वास कळणार नाही होय?
पेपरमिंटचा आला.
खाली काय आहे ते पेपरमिंट सांगत नाही.

तो मात्र नेमानं चघळत राहिला,
दिवसाला दोन, घड्याळ पाहून.
रात्रीचा ब्रश सुरू झाला.
पाच खर्ऱ्यांचे तीन झाले, मग एक,
मग मकरसंक्रांतीला पुन्हा चार,
दोन दिवस माझ्याशी बोलला नाही,
मग एक.

परवा नाटक करून पहाटे आला.
थंडी. पायाला नाटकाच्या मैदानातली धानाची तूस.
चूल पेटवू का म्हटलं तर नको म्हणाला,
आणि आपणहून जवळ बसला.
"राणी अडली ना आज, मी सांगून देल्लं."
"लांबून?"
"नाही वो, जवळून."
"किती जवळून?"
"एवढ्या,"
माझ्या कानाला त्याचे ओठ लागले.
पदर हातात होता.
तो तिथंच राहिला.

यादी अजून कुलुपात आहे.
बलक होता का पीठ,
का नुसतं कोणी नाक न दाबता आत पाहिलं म्हणून,
मला काय माहीत.

सकाळी चव्वेचाळीस नंबरची
अंडं दिल्याचं गावभर सांगत होती.
तिला काखेत धरलं, चोच उघडून पाहिली.
आत काहीच नाही.
एवढीशी टोकदार जीभ
आणि मक्याचा एक दाणा.