झाकून ठेवलेलं

डॉक्टरीणबाईंनी कागद माझ्याकडे फिरवला.
डावीकडून सपाट निघालेली रेघ
पस्तिशीपाशी जराशी कलते
आणि पुढे, ब्रेक नसलेली सायकल
श्पिलबेर्कच्या उतारावर सुटावी, तशी.
"तुम्ही साधारण इथे," त्या म्हणाल्या,
पेनाची टोपी न काढताच टोक टेकवलं.
खूण उमटली नाही.
तेवढंच बरं वाटलं.

मी ब्लांका. ब्र्नोतल्या एका शाळेत स्वयंपाक करते,
रोज दोनशे चाळीस ताटं.
गुरुवारी प्लम भरून उकडलेले गोळे,
वरून खसखस, साखर, वितळलेलं लोणी.
"अजून एक?" म्हटलं की
पुढचे दात पडलेली तोंडं एकदम हसतात.
आकड्यांना मी घाबरत नाही.
आपोआप राहायचं तर महिन्याला शंभरात पाच, म्हणाल्या त्या.
म्हणजे दोनशे चाळिसांत बारा.
बारा म्हणजे खिडकीखालचं एक टेबल.
पण ते टेबल मी कधी रिकामं पाहिलेलं नाही.

आई म्हणते, आम्ही नव्हतो बाई असं मोजत बसत.
तिची कूस एकविसाव्या वर्षी उजवली.
लग्न, बाळ, फ्लॅटच्या यादीत नाव,
सगळं ओळीने, नाताळच्या संत्र्यांसाठी
रांगेत उभं राहावं तसं.
मी कुठे उशीर केला?
एकतीस ते सदतीस ओंद्रेयबरोबर होते,
त्याला "पुढच्या वर्षी" फार गोड म्हणता यायचं.
रादिम भेटला तेव्हा चाळिशी उलटली होती,
विम्याची मुदतही.
आता तो रात्री गाडी विकायच्या जाहिराती लिहितो
आणि पाठवत नाही.

डॉक्टरीणबाई हातमोजे काढता काढता
सहज बोलून गेल्या:
अंडी नव्याने तयार होत नाहीत,
तुम्ही जन्मायच्या आधीच सगळी आत असतात.
म्हणजे एक्क्याऐंशीचा तो हिवाळा,
आई लोकरीच्या गिरणीत, नाकाला रुमाल बांधून,
तिच्या पोटात मी,
माझ्या पोटात ती, लाखांनी.
शिफ्टच्या शेवटी पाय सुजायचे म्हणते.
सुजणारच.

तेव्हापासून ती सोबत आहेत.
कांजिण्यांत होती. स्व्रात्कात मी बुडता बुडता वाचले
तेव्हा तीही वाचली.
ओंद्रेय खोकी उतरवत होता त्या दुपारी
आत अंधारात गप्प बसून होती.
कितीतरी निघून गेली, दाराचा आवाज न करता.
उरलेल्यांना म्हणे वय झालंय.
होईलच. माझ्याच घरात राहिली ना.
चिडले होते मी त्यांच्यावर आठवडाभर,
मग ट्राममध्ये, मेंदळ चौकाच्या थांब्यावर,
उगाच पोटावर हात ठेवला,
म्हातारी माणसं गाडीत झोपली की
शाल सारखी करतो तसा.

आज गुरुवार. बारा चाळीस.
पातेल्याच्या तळाशी दोन गोळे.
दुसरीतला व्हेंदेलीन अजून आला नाही,
बुटाच्या नाड्यांशी भांडत असेल जिन्याखाली,
रोजचंच आहे.
हेलेना म्हणते, आवर आता, भांडी घासायला घेऊ.
मी झाकण ठेवते.
वाफ जिरते, गोळा दडदडीत होतो,
चौदा वर्षं करतेय, मला कळतं.
तरी थांब म्हणते तिला,
दहा मिनिटं.