वस्तू कामावर गेली आहे

कोर्बेइरात तारल्या डब्यात भरायचा कारखाना होता,
त्याच छपराखाली आता आमचं संग्रहालय आहे.
भिंतींना तीनदा चुना दिला, तरी दमट दिवशी
वास सुटतोच : मीठ, तेल, मुंडकी छाटलेली चांदी.
पाहुणे नाकाला रुमाल लावतात.
मी म्हणते, ही आमची पहिली वस्तू.
हिला क्रमांक देता आला नाही.

क्रमांक नऊ ते पंधरा : कंदील.
बैलाच्या शिंगांना बांधून अंधाऱ्या कड्यावर हिंडवायचे,
बंदर समजून गलबतं खडकावर यावीत म्हणून.
निदान तशी वदंता आहे. गावात कुणी कबूल होत नाही.
कंदील मात्र सात घरांतून आले,
सातही घरांनी शेजाऱ्याचे म्हणून दिले.

पुढच्या दालनात साबेलाची चित्रं.
मोडीत निघालेल्या होड्यांच्या फळ्या,
त्यांवर होड्यांचाच उरलेला रंग.
समुद्र ती रंगवत नाही.
लाकूड जिथे त्याने खाल्लंय तेवढी जागा सोडते
आणि बाकीचं रंगवते.

जमिनीत एक पन्हळ आहे, माशांचं रक्त वाहून जायची.
ती बुजवायची की नाही यावर समिती दोन हिवाळे भांडली.
नाही बुजवली.
मोठ्या उधाणाला तीतूनच तो आत येतो,
तिकीट न काढता, बोटभर उंच,
आणि आपलंच सामान बघून परत जातो.
एकदा एक खेकडा मागे राहिला होता.

दोसिंदाने दिली होती जाळं विणायची सुई,
शेंड्याशी तिच्या आईच्या दातांच्या खुणा.
एका गुरुवारी आली, म्हणाली, काच उघड.
सुनेचं जाळं फाटलंय,
प्लास्टिकची सुई हाताचं ऐकत नाही.
वस्तूंना हात लावू नये,
हे दारावर मीच लिहिलंय, दोन भाषांत.
मी किल्ली शोधली.
रिकाम्या जागी एक चिठ्ठी ठेवली :
वस्तू कामावर गेली आहे.

संध्याकाळी सुई परत आली, ओली,
खाचेत एक खवला.
मी पुसली नाही.

मग काय, बोभाटा झाला.
जत्रेला तांब्याची कढई गेली, आठ दिवसांनी आली
आणि आली ती घासून लख्ख. काजळी गेली म्हणून
मी रडायचीच बाकी होते.
वीज गेली त्या धुक्याच्या रात्री
अमारोने शंखाची काच फोडली, परवानगी नंतर मागितली.
चार होड्या त्या आवाजाला धरून धरून
धक्क्याला लागल्या.
नवी काच अजून बसवलेली नाही.

उबाल्दिना मात्र काहीच देत नव्हती.
मुलाची टोपी द्या, म्हणून महापौरसुद्धा जाऊन आले.
ती म्हणाली, तुमच्याकडे गेलेल्यांच्या वस्तू असतात.
त्याला उशीर झालाय, एवढंच.
एकोणीस वर्षं.
मी तरी एक खुंटी ठोकून ठेवली होती, खिडकीजवळ.
खुंटीखाली काय लिहावं, हे सुचत नव्हतं.

परवा ती आली. पहिल्यांदाच.
कंदील बघून हसली, म्हणाली, तिसरा आमचा.
फळ्यांपुढे थांबली नाही.
सुई त्या दिवशीही बाहेर होती,
तिच्या जागेची चिठ्ठी तिने बोट फिरवत वाचली,
पुन्हा वाचली, सावकाश,
भरती किती वाजता, ते वाचतात तशी.

ही मला दे, म्हणाली. तू दुसरी लिही.
मी काचेतून काढून दिली.
दारापर्यंत गेली आणि वळली.
पेन आहे?
पहिला शब्द खोड,
आणि ‘गेली’चं ‘गेला’ कर.