सात टरफलं

फावाचं फूल पांढरं असतं,
पाकळीवर एक काळा ठिपका,
जणू लिहिता लिहिता कुणी दचकलं
आणि शाई सांडली.

आई मार्च लागला की खिडक्या लावून घ्यायची.
बाकीझ्योला म्हणे वाससुद्धा बाधतो.
(डॉक्टर आता मान हलवतात. वासाने नाही.)

तो चार वर्षांचा, मी सहा.
कुंपणापलीकडच्या कोवळ्या शेंगा सोलून त्याने खाल्ल्या.
सात. टरफलं मीच उचलली,
आणि आईला सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी डोळे हळदीसारखे पिवळे,
लघवी काळ्या वाइनच्या रंगाची,
ओठ कागद.
त्सिया अंतिओकाने ताटलीतल्या पाण्यात
गव्हाचे दाणे टाकले, दृष्ट काढली.
इस्पितळाचा रस्ता शिशाच्या खाणीला वळसा घालून जायचा.
तो वळसा मला अजून पाठ आहे.

खाण तशी माती, आजी म्हणाली,
बाबांची आई. पोरगं तुझ्या रक्ताने गेलं.
आईने उत्तर दिलं नाही.
त्यानंतर तिने जेवताना कधी
कुणाच्या डोळ्यांत पाहिल्याचं मला आठवत नाही.

साठ वर्षांनी माझी जुस्ता,
काल्यारीच्या प्रयोगशाळेत रक्त तपासणारी माझी लेक,
विजेच्या बिलामागे रेघा मारून सांगते :
बाईकडे या वहीच्या दोन प्रती असतात.
एकीत चूक असली तर दुसरी बरीचशी सांभाळून घेते.
मुलाला आईकडून एकच मिळते,
आणि बापाकडून येते ती आखूड वही
या बाबतीत गप्प असते.
कोणती प्रत द्यायची, हे आई ठरवत नाही.
नाणं उडतं, बस.

म्हणजे आजी बरोबरच होती?
जुस्ता पेन खाली ठेवते.
म्हणते, कारण वेगळं आणि दोष वेगळा, मामा.
आई हे ऐकायला उरली नव्हती.
असती, तर मी आधी टरफलांचं सांगितलं असतं
की वह्यांचं, माहीत नाही.

चूक केवढी? हजारो अक्षरांत एक.
काना द्यायचा तिथे मात्रा पडली, एवढीच.
नोन्नो एफीझ्योकडून आली असणार,
आईचे वडील, दलदल उपसणारे.
त्यांना शेंगा आवडत नाहीत, असंच घरात सगळे म्हणत.
दर शरदात हिवताप यायचा,
शेजारच्या घरातून एकेक माणूस उचलायचा.
नोन्नोंच्या रक्तात शिरला की मात्र
त्याच्या पायाखालची पेशी फुटायची,
भाड्याने घेतलेलं घर कोसळावं तशी.

मग युद्धानंतर फवारणीवाले आले.
आमच्या भिंतीवर त्यांनी मारलेली तारीख
चुन्याखालून अजून वर येते : एकोणपन्नास.
डास गेले.
अक्षर पहाऱ्यावर राहिलं.
त्याला कुणी कळवलंच नाही.

ती कात्री निघालीये ना, मी विचारते,
चुकलेलं अक्षर कापून बरोबर लिहिणारी?
निघालीये, जुस्ता म्हणते,
पण शेंगांसाठी ती कोण काढणार?
इथे एक पाटी पुरते.
मला हसू येतं, आणि मग येत नाही.
बाकीझ्योला एक पाटी पुरली असती.

तिच्या मुलाच्या टाचेतून जन्माच्या तिसऱ्या दिवशी
रक्ताचा थेंब घेतला होता.
त्याच्या दप्तरात कार्ड असतं :
कुठल्या गोळ्या चालत नाहीत, काय खायचं नाही.
त्याचं नाव आम्ही बाकीझ्यो ठेवलं नाही.
तो लूका आहे, सात वर्षांचा,
आणि त्याला मटारही आवडत नाहीत.

आज भाजीवाल्या पेप्पिनोच्या दाराशी
तो पाटी वाचत थांबला,
बोट फिरवत, एकेक अक्षर लावत :
इथे ता-जा फा-वा आ-हे.
एक अक्षर चुकला, मागे गेला,
पुन्हा वाचलं.
मग माझा हात सोडून
रस्त्याच्या पलीकडच्या कडेने चालू लागला,
शीळ घालत.

मी मात्र दुकानात शिरले.
किलोभर घेतल्या.
ओट्याशी उभी राहून एकटीने सोलल्या,
टरफलं मोजली नाहीत.