समजा, समुद्र

पाटीवर माळढोक, रंग उडालेला,
त्याच्या पायाशी नवी पाटी: 'वाइन टूर, डावीकडे.'
आम्ही डावीकडे वळलो.
मी मालवणचा. बँकेची बदली होऊन सोलापुरात दीड वर्ष,
आणि बायको म्हणाली होती, कुठंतरी ने,
जिथं निदान हिरवं असेल.

मालकाचा मुलगा, यशोधन, दोन वर्षं
पोर्तुगालच्या कुठल्याशा किनाऱ्यावर पिंपं धूत होता.
तिथं म्हणे वेली उतरत उतरत थेट पाण्याशी जातात
आणि वारा सुटला की पानांवर मीठ बसतं.
इथं नान्नजला त्यानं मंडपाच्या टोकाशी
चार खुर्च्या मांडल्यात,
टेबलावर सोलापुरी चादर, मोर उलटा आलेला,
आणि समोर शेततळं:
निळं प्लास्टिक, त्यात निळं आभाळ.
'समजा, समुद्र,' तो म्हणाला.
समजलो. पैसे भरले होते.

ग्लास तिरका धरा. हुंगा. आता घोट, लगेच गिळू नका.
जिभेच्या कडेला काही लागतंय?
लागलं.
बायकोनं माझ्याकडे पाहिलं.
लहानपणी जाळ्याची ओली दोरी दातात धरायचो,
तसं काहीतरी.
'सी ब्रीझ,' यशोधन म्हणाला, अगदी हळू,
देवाचं नाव घ्यावं तसं.

कडक भाकरी मोडत बसलेल्या केराबाई हसल्या.
एरवी त्या छाटणीला असतात,
टूरच्या दिवशी शेंगाचटणी वाढतात.
'कशाचा समुद्र वं. बोअर हाय त्यो.
सहाशे फुटाचं पाणी, डाळ शिजंना त्यात.
नळ्या बघा जावा.'
गेलो. ड्रिपच्या भोकाभोकाशी
पांढरी खपली, नखानं निघेना.
नख चाटलं.

मग त्यांनी विचारलं, 'तुमच्याकडचा लई खारा असतो का?'
तीस वर्षं त्या पेट्या भरतात.
हात देठालाच लावायचा,
मण्यावरची पांढरी झाक पुसली की माल परत.
पेट्या कंटेनरात, कंटेनर बोटीत,
मग कितीतरी दिवस नुसतं पाणी.
'माझ्या हातची द्राक्षं समुद्र बघून गेली,
म्या अजून बार्शीच्या फुडं न्हाई.'
तक्रार नव्हती त्यात. बसची वेळ सांगावी तसं.

समुद्र कसा असतो ते सांगायला गेलो
आणि मला फक्त आवाज आठवला.
तो कसा करून दाखवायचा?
बायको उठली, तळ्याच्या कडेला वाकून
पाण्यावर हात आपटला, पुन्हा आपटला.
प्लास्टिक फडफडलं. एक बेडूक सटकला.
केराबाई म्हणाल्या, 'असा व्हय.'

निघताना एक बाटली घेतली, साडेसातशे रुपये.
लेबलावर लाट, लाटेवर माळढोक.

नळाला पाणी यायचा दिवस होता, आलं नाही.
बाटली तशीच राहिली ओट्यावर.
शेजारच्यांच्या बोअरचं एक तांब्या मागून आणलं
आणि उभ्याउभ्या प्यालो दोघं,
लगेच न गिळता.