समोरची कड

मे महिन्यात दुपारी इतवारीत कोणी येत नाही.
कूलरमध्ये बादली ओतून मी भिंग पुसत बसलेलो,
तेव्हा गोळीबार चौकाकडून उन्हातून आल्या
वच्छलाबाई निनावे.
पदराखाली बिस्किटांचा पत्र्याचा डबा.
"यायनं जमा केले होते जी. पाहून घ्या न, चालतात का."

'हे' म्हणजे सिटी बसचे कंडक्टर, एकतीस वर्षं.
सुट्ट्यात आलेलं वेडंवाकडं नाणं पुढचा प्रवासी घेईना,
म्हणून रात्री हिशेबात आपल्या खिशातला रुपया घालून
ते घरी आणायचे.

काचेवर ओतली. दहा.
एक हातोडीनं चेपलेलं.
एक रुळावर ठेवलेलं,
अजनीच्या पुलाखाली पोरं ठेवतात तसं.
एकाचा छाप किंचित फिरलेला, उलटं धरलं की सिंह कलतात.
एवढ्याशा कलण्याला कोणी काही देत नाही.

गिऱ्हाइकांना हेच समजावता समजावता माझे केस गेले :
झिजलं, ठेचलं, जळलं, ती चूक नव्हे.
चूक टांकसाळीच्या आत व्हावी लागते,
जन्मतानाच.
नंतरचं सगळं नुसतं आयुष्य.
त्याला भाव नाही.

दहावं मात्र
पंच्याण्णव सालचं, खाली तारा, म्हणजे हैदराबादचं.
कडेचा चंद्रकोरीएवढा घास गेलेला.
शेजारच्या सराफाचा काटा आणला :
चार ग्रॅम बत्तीस. पुरं असतं तर चार पंच्याऐंशी.
पण वजन कानशीनंही उतरतं.
कामठीच्या एकानं मला तसं एकदा फसवलंय,
म्हणून मी घासाकडे बघत नाही.
समोर बघतो.

तुकडा खरंच आधीपासून नसेल
तर कड उचलताना इकडून रेटा मिळत नाही,
आणि बरोबर समोरची, धडधाकट दिसणारी कड
पुसट राहते.
कानशीला हे जमत नाही.

पुसट होती.

"आठशे," म्हणालो, आणि मलाच लाज वाटून, "बाराशे."
"एका रुपयाचे? तोही खाल्लेला?
आन् चांगला असता तं?"
"तर एक रुपया."
त्या हसल्या. मग म्हणाल्या, "दाखवा बरं मले."
भिंग डोळ्याला लावून बराच वेळ पाहत राहिल्या,
घासाकडे नाही,
समोर.
कूलरचं पाणी संपून नुसता पंखा खडखडत होता.

पैसे मोजून घेतले, दोनदा.
मग ठेचलेली, चपटलेली, कललेली नऊ
एकेक उचलून डब्यात टाकली.
"याले भाव नाही न? मंग राहू द्या माह्यापाशी."

त्या गेल्यावर मी पाकीट भरलं :
१९९५, हैदराबाद, कडेला घास, ४.३२.
'कोणाकडून' या रकान्यात लिहिलं, निनावे.
माझ्यामागे कोणी वाचेल
तर त्याला वाटेल,
मी नाव विचारलंच नव्हतं.